तिळाएवढी अफू

पिंपळदऱ्याच्या सहादेव गुंजाळाकडं अफूचा सरकारी परवाना होता. परवाना त्याच्या नावावर असला तरी त्याचा सगळा व्याप त्याची बायको गोजरबाई सांभाळत होती.

विहिरीच्या कामावर सुरुंगाचा दगड कमरेत बसून सहादेव अंथरुणाला खिळला, त्याला आता बारा वर्षं होऊन गेली होती. दुखणं सोसवेना म्हणून एका वैदूनं अफूची गोळी दिली. वर्षभरात कंबर बरी झाली, गोळी मात्र सुटली नाही. पुढं सरकारनं अफू खाणाऱ्यांची नोंद घ्यायचं ठरवलं तेव्हा गोजरबाई त्याला बैलगाडीत घालून घेऊन गेली, डॉक्टरचा दाखला काढला आणि त्याचं नाव यादीत चढलं. तेव्हापासून महिन्यातून एकदा दोघांनी पारनेरला जायचं, सहादेवनं अंगठा उठवायचा आणि कागदात बांधलेली काळी वडी घेऊन परत यायचं, असा नेम पडला. वडी पत्र्याच्या डबीत राहायची, डबी उतरंडीतल्या मडक्यात. सकाळ-संध्याकाळ गोजरबाई त्याची गोळी करून देई. सहादेवच्या हाती डबी दिली तर महिन्याची वडी आठ दिवसांत संपेल हे तिला ठाऊक होतं.

एका संक्रांतीला तसं झालंही. ती हळदीकुंकवाला गेली असताना त्यानं डबी शोधून काढली. ती परतली तेव्हा सहादेव भिंतीला टेकून बसल्या जागी घोरत होता आणि त्याचे ओठ जांभळे पडले होते. तिनं सणाला आलेल्या आपल्या भावाला बोलावलं. दोघांनी काखेत हात घालून दिवस मावळेपर्यंत त्याला अंगणात चालवलं. थांबला की थोबाडीत मारलं. दुसऱ्या दिवशी पारनेरच्या तेव्हाच्या म्हाताऱ्या डॉक्टरनं तिला दोन गोष्टी नीट समजावून सांगितल्या. अफू जास्त झाली की डोळ्याची बाहुली आवळते आणि अंधारात नेली तरी मोठी होत नाही. आणि माणूस अफूनं मरतो तो श्वास विसरल्यामुळं मरतो, म्हणून त्याला झोपू द्यायचं नाही.

गावात ती बाळंतपणंही करायची. सासूच्या हाताखाली शिकली होती. त्यामुळं बायका तिच्याकडं यायच्या त्या दोन कामांसाठी. एक बाळंतपण, आणि दुसरं पोराला हगवण लागली, खोकला धरला किंवा सुगीच्या दिवसांत पोर काम करू देईना म्हणून थोडी अफू. गोजरबाई वडी तळहातावर मळून मऊ करी, बाभळीच्या काट्याच्या टोकावर येईल तेवढी उचली आणि बाईच्या बोटाला लावी. दुधाच्या थेंबात कालवून चाटवायची. तिला त्यात वावगं काही वाटत नव्हतं. तिच्या आईनं तिला दिली होती, तिनं आपल्या दोन्ही लेकींना दिली होती. पण एकीला आठ दिवसांत दुसऱ्यांदा ती द्यायची नाही. "रोजची झाली की मग ती पोराची न्हाई, पोर तिचं," एवढंच म्हणायची.

मग त्र्याहत्तरचा उन्हाळा आला. त्याआधीचे दोन्ही पावसाळे कोरडे गेले होते. गावापासून दोन मैलांवर, माळाच्या खाली, पाझर तलावाचं काम निघालं आणि पिंपळदऱ्यातली हातपाय धड असलेली सगळी माणसं त्यावर गेली. गोजरबाईही गेली. दिवस उगवायच्या आत घर सोडायचं, दिवसभर माती वाहायची, अंधार पडता पडता परत. सहादेवची गोळी करायलाही सवड राहिली नाही. डबी तिनं त्याच्या हाती दिली. अशक्त झाल्यामुळं तो तसाही कमी खात होता, असं तिनं स्वतःला समजावलं.

कामावर बाभळीच्या फांद्या आणि पोती टाकून एक मांडव केला होता. त्यात अकरा तान्ही पोरं चिंध्यांवर निजवलेली असत. आयांनी दिवसातून दोनदा येऊन पाजून जायचं. मुकादम काकासाहेब पोरांवर खूश होता. "लेकरं लई गुनाची हायत," तो म्हणायचा. "दुसऱ्या कामावर मी गेल्तो, तिथं कान किटले."

पोरं गुणाची होती, कारण ती झोपलेली असत. गोजरबाईला हे दिसत नव्हतं असं नाही. पोरं उपाशी आहेत, उन्हानं मलूल झाली आहेत, असं तिला वाटत होतं. की तिनं तसं वाटून घेतलं होतं, ते तिलाही पुढं नीट सांगता आलं नाही. घरी रोज संध्याकाळी वाटीभर सुकडी, म्हणजे दुष्काळात सरकार वाटायचं ते भाजलेलं गोड पीठ, दिसायची. सुकडी कामावर वाटत, आणि सहादेव तर कामावर जात नव्हता. ती कुठून येते हे तिनं विचारलं नाही. दिवसभराच्या मिलोच्या, परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या, भाकरीनंतर ती गोड लागायची.

चैत्र संपत आला होता. दुपारच्या सुट्टीत विजयमाला नावाची एकोणीस-वीस वर्षांची सून पोराला पाजायला मांडवात गेली आणि थोड्या वेळानं पोर कडेवर घेऊन गोजरबाईजवळ आली. पोराचं नाव गोरक्ष, पाच महिन्यांचं, गोजरबाईच्याच हातचं बाळंतपण.

"आत्या, जरा बघा की. पीतच न्हाई ह्यो."

गोजरबाईनं पोर घेतलं. मान मागं पडली. तिनं गालाला चिमटा काढला, पोरानं तोंड वाकडं केलं आणि पुन्हा सैल पडलं. तोवर विजयमालाची सासू लंकाबाई आली, आणखी चार बाया आल्या.

"ऊन लागलं आसंल," लंकाबाई म्हणाली. "कांदा फोडा, नाकाला लावा."

"ऊन लागल्यालं अंग तव्यावानी तापतं," गोजरबाई म्हणाली. "ह्ये गार हाय. घाम बगा किती आलाय."

ती उन्हाकडं पाठ करून खाली बसली. उन्हात सगळ्यांच्याच बाहुल्या बारीक होतात, म्हणून तिनं पदर आपल्या डोक्यावरून पोराच्या तोंडावर ओढला आणि त्या सावलीत थोडा वेळ थांबली. मग अंगठ्यानं पापणी वर केली. बाहुली मोहरीपेक्षा बारीक होती आणि तशीच राहिली. तिनं पोराच्या छातीवर हात ठेवला. तिचे स्वतःचे चार श्वास झाले तेव्हा त्याचा एक झाला.

पदर मागं सारून तिनं विचारलं, "अफू कितीदा दिली?"

विजयमालानं खाली पाहिलं. "आल्यावर एकदा. रोजच्यावानीच."

लंकाबाईचा हात तोंडावर गेला. "मी बी दिल्ती. पहाटं. रडत हुता म्हनून. मला काय ठावं, ही हितं आनून परत दील ते."

"किती?"

"नखावर आली तेवढी."

"आनली कुनाकडनं?"

मग विजयमालाच म्हणाली, "तुमच्याच घरनं की, आत्या. सहादेवमामा देत्यात. समद्याच आनतो आमी. सुकडी दिऊन."

गोजरबाईनं तिच्याकडं पाहिलं, बाकीच्या बायांकडं पाहिलं, आणि उठली. पोराच्या तळपायावर ती बोटानं टिचक्या मारत होती. काकासाहेब धावत आला. कुणी म्हणालं तोंडावर पाणी मारा, कुणी कोऱ्या चहाची किटली आणली.

"तोंडात कायबी घालू नका," गोजरबाई म्हणाली. "गिळायची शुद्ध न्हाई त्याला. छातीत जाईल." मग ती काकासाहेबाला म्हणाली, "टँकर पारनेरला सोडा."

पाण्याचा टँकर पिंपांत पाणी ओतून नुकताच रिकामा झाला होता. काकासाहेब अडखळला. "त्याला दुसऱ्या कामावर जायचंय. साहेबाला इचारल्याबिगर मला न्हाई सोडता यायचा."

"साहेबाला मी सांगंन," असं म्हणून ती टँकरच्या केबिनमध्ये चढून बसली. विजयमाला तिच्या मागं चढली. ड्रायव्हरनं काकासाहेबाकडं पाहिलं. काकासाहेबानं तोंड फिरवलं, तेव्हा त्यानं गाडी सुरू केली.

पारनेर सात मैल. रस्ता सगळा खडीचा. निम्म्या वाटेत पोराचे ओठ निळे पडले आणि छाती हलायची थांबली. जन्मल्यावर न रडणाऱ्या पोराला सुइणी फुंकतात तसं गोजरबाईनं त्याचं नाक-तोंड आपल्या तोंडात धरलं आणि गालात मावेल एवढाच वारा आत सोडला. छाती उचलली. तिनं तोंड काढलं, छाती बसली. पुन्हा सोडला. खड्ड्यात गाडी आदळली की तिचे दात पोराच्या गालाला लागत. मध्येच पोर स्वतःहून एखादा श्वास घेई, मग पुन्हा थांबे. विजयमाला एकच शब्द विचारत होती, "हाय का?" आणि गोजरबाई तोंड मोकळं असेल तेव्हा सांगत होती, "हाय."

दवाखान्यात आता डॉक्टर शेकटकर म्हणून नवा, तिशीच्या आतला डॉक्टर होता. गोजरबाईनं पोर टेबलावर ठेवलं आणि दम न घेता सांगितलं, "अफू हाय. दोनदा पोटात गेलीय. एक पहाटं, दुसरी दिस कासराभर वर आल्यावर. येताना श्वास थांबला हुता, फुंकून आनलंय."

डॉक्टरनं बॅटरी पोराच्या डोळ्यांवर मारली आणि लगेच रबरी फुगा तोंडावर लावून दाबायला सुरुवात केली. अफूवरचं उतार्‍याचं इंजेक्शन त्याच्याकडं होतं. अशा वेळेसाठी म्हणून त्यानं दोन बाटल्या आणून ठेवल्या होत्या. नर्सनं मांडीत सुई टोचली. दोन-तीन मिनिटं नुसता फुग्याचा आवाज येत राहिला. मग गोरक्षनं पाय आखडले, तोंड उघडलं आणि रडायला लागला. विजयमाला पोराकडं झेपावली.

"घ्या, पण झोपू देऊ नका," डॉक्टर म्हणाला. "इंजेक्शनचा जोर तास-दोन तास टिकतो. अफू पोटात त्याहून जास्त वेळ राहते. पुन्हा गुंगी येईल. उद्यापर्यंत इथंच राहायचं."

तसंच झालं. उन्हं कलली तेव्हा पोर पुन्हा मलूल पडलं आणि दुसरं इंजेक्शन द्यावं लागलं. त्यानंतर मात्र ते जागं राहिलं.

डॉक्टर कागद लिहायला बसला. "बाई, तुम्हाला हे ओळखता कसं आलं? माझ्याकडं अशी पोरं 'ऊन लागलं' म्हणून येतात. आणतात तेव्हा उशीर झालेला असतो."

"बारा वर्सं अफूचा मानूस सांभाळलाय मी," गोजरबाई म्हणाली.

"आणि ही अफू कुठली?"

विजयमाला पोराच्या अंगावरचं फडकं सारखं करत राहिली. गोजरबाई म्हणाली, "आमच्या घरची. मालकांचा परवाना हाय. गावातल्या समद्याच लेकरान्ला जाती."

डॉक्टरनं लेखणी थांबवली. "हे मला लिहावं लागेल."

"लिवा."

"परवाना जाईल."

"ते बी लिवा. पर आदी त्या दुसऱ्या धा लेकरान्ला बगा."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर जीप घेऊन कामावर आला. मांडवातली सगळी पोरं त्यानं तपासली. गोरक्ष धरून नऊ पोरं रोज अफूवर होती. त्याच दिवशी अबकारी खात्याचा माणूस गावात येऊन सहादेवची डबी आणि परवाना घेऊन गेला.

संध्याकाळी गोजरबाई घरी आली तेव्हा सहादेव उंबऱ्यात बसला होता. "माझं नाव सांगितलंस," तो म्हणाला.

"आपलं घर म्हनले. त्यात मी बी आले."

"मी काय मुद्दाम केलं? बाया येऊन रडायच्या. काम करू देत न्हाई म्हनायच्या. तू देत हुतीस तवा चाललं."

ती भाकरी करायला बसली.

तिसऱ्या दिवशी मांडवात रडारड सुरू झाली. एक पोर थांबलं की दुसरं. सकाळपासून कामाची सुट्टी होईपर्यंत ती पोरं रडत होती, जांभया देत होती, शिंकत होती, हिरवं हगत होती. अंगाला हात लावला तर किंचाळत होती. काकासाहेबानं दोन दिवस ऐकलं आणि मग बायांवर ओरडायला लागला, कारण त्या दर घटकेला काम टाकून पळत होत्या. बाया गोजरबाईवर तुटून पडल्या. मुक्ताबाई नावाच्या बाईनं, जिची मुलगी तीन महिन्यांची होती, आपली पाटी तिच्या पायाशी आपटली.

"लई शानी झालीस. आता तूच सांभाळ ह्यांना. एवढी वर्सं आमच्या बोटाला लावलीस तवा कुठं गेल्तं शानपन?"

गोजरबाईनं ऐकून घेतलं. तिचं लक्ष पोरांकडं होतं. त्या जांभया, ते नाकातलं पाणी, अंगावरचा तो काटा तिनं शंभरदा पाहिला होता. महिन्याची वडी मिळायला उशीर झाला की सहादेवचं असंच व्हायचं. आताही, डबी गेल्यापासून, तो घरात गुडघे पोटाशी घेऊन पडला होता.

दुसऱ्या दिवशी ती कामावर न जाता पारनेरला चालत गेली.

"डाक्टरसाहेब, एकदम तोडली तर ही लेकरं टिकायची न्हाईत. हगवनीनंच जातील. हळूहळू उतरवावी लागंल."

डॉक्टरनं तिला बसवलं. पोरांचं काय काय होतं ते तिच्याकडून विचारून घेतलं आणि मान हलवली. हे त्यानं पुस्तकात वाचलं होतं, पण एका मांडवात नऊ पोरं हे त्यालाही नवीन होतं. त्यानं अफूच्या अर्काचं अगदी पातळ औषध करून बाटलीत भरलं. कोणत्या पोराला किती थेंब, दर चार दिवसांनी एक कमी, असं ठरवलं. गोजरबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं प्रत्येक पोराच्या नावाचा एक दोरा घेऊन जितके थेंब तितक्या गाठी मारल्या. चार दिवस झाले की एक गाठ सोडायची. पोर झोपाळलेलं दिसलं तर त्या वेळचा थेंब द्यायचा नाही, हे डॉक्टरनं तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

सहादेवसाठीही डॉक्टरनं वर लिहिलं. परवाना परत मिळाला नाही, पण दवाखान्यातून आठवड्याला थोडी थोडी मिळेल आणि ती बायकोच्या हाती द्यायची, अशी सोय झाली. त्याच्या दोऱ्याला सगळ्यांत जास्त गाठी होत्या.

काकासाहेबानं तिला मातीवरून काढून मांडवात बसवलं. हजेरीत तिचं नाव 'पाळणा' म्हणून लागलं. महिनाभर ती त्या रडण्यात बसून होती. पोरं रडली की उचलायची, हगली की पुसायची, उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-गूळ घालून चमच्यानं पाजायचं. तिला गाणी फारशी येत नव्हती. ती पोरांशी बोलायचीही कमी. दुपारी बाया पाजायला येत, आपलं पोर घेऊन तिच्याकडं पाठ करून बसत.

मुक्ताबाईची मुलगी ज्येष्ठात गेली. तिचे थेंब तोपर्यंत दोनावर आले होते. उलट्या आणि हगवण एकाच दिवशी सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी पारनेरच्या वाटेवरच पोरगी संपली. डॉक्टर म्हणाला, ही पाण्याची साथ आहे, दुसऱ्या गावांतही पोरं गेली आहेत. मुक्ताबाईनं ते ऐकलं, पण मानलं नाही. गोजरबाई पुरायला गेली आणि लोकांच्या मागं उभी राहिली. परत आल्यावर तिनं त्या पोरीच्या दोऱ्याच्या दोन गाठी सोडल्या आणि दोरा चुलीत टाकला. आपण थेंब जास्त दिला की कमी दिला, हे ती पुढं कितीतरी दिवस मनात तपासत राहिली. दोन्हीपैकी काही सापडलं नाही.

बाकीची आठ पोरं आषाढापर्यंत सुटली. तोवर पाऊस सुरू झाला होता. तलावाचं काम थांबलं, मांडवाची पोती ज्यांची त्यांनी नेली आणि माणसं पेरणीला लागली. सहादेव पहिल्या मात्रेच्या चौथाईवर आला, त्याच्या खाली मात्र उतरला नाही. त्याला जेवण जाऊ लागलं. बायकोशी तो कामापुरतंच बोलायचा. ते त्यांचं पूर्वीपासूनच तसं होतं. डॉक्टर शेकटकरनं पावसाळ्यात सुइणींसाठी शिकवणीवर्ग घेतला तेव्हा गोजरबाईला बोलावलं. ती महिनाभर जाऊन आली आणि तिथं मिळालेली बाळंतपणाच्या सामानाची पेटी घेऊन आली.

दिवाळीनंतर विजयमाला तिच्या दारात आली. कामावरच्या त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच येत होती. गोरक्ष कडेवर होता, वर्षाचा व्हायला आला होता, अजून धरून उभा राहत नव्हता.

"राहात्याकडं चाललोय ऊस तोडायला," ती म्हणाली. "सासू बी येनार हाय. कोयता दोघींना धरावा लागंल. तिथं फडात ह्याला कुठं ठिवू, आत्या?"

गोजरबाईनं पोराच्या पायांवर दाबून पाहिलं. "हितं ठिव माझ्याकडं. भाकरी कुस्करून खातोय न्हवं?"

विजयमालानं घरात पाहिलं. सहादेव पलीकडं भिंतीला टेकून बसला होता. "तुमच्या घरात?" ती म्हणाली.

गोजरबाईला त्याचा राग आला नाही. "मग गाडीच्या साटीला झोळी बांद," ती म्हणाली. "उसाकडं तोंड करून. तुला दिसंल आशी. रडला तर रडू दे. मुकादम बोलला तर बोलू दे. ह्यापरीस मला बी काय सुचत न्हाई."

विजयमाला "येते" म्हणाली आणि पोराला दुसऱ्या कडेवर घेऊन निघाली. टोळी फाल्गुनात परतली. गोरक्ष तोपर्यंत गाडीच्या जुवाला धरून चालायला शिकला होता.